कार्डावरचा ५७२३: बंदुकीच्या दुकानाचा कोड बँकेला नेमकं काय सांगतो?

मुनीमजी

अमेरिकेत कार्डाने बंदूक किंवा काडतुसं घेतली की नोंद थेट सरकारकडे जाते, असं छातीठोकपणे सांगणारे आहेत. बंदुकीच्या दुकानांना वेगळा कोड दिला की सामूहिक गोळीबार आधीच रोखता येतील, असं म्हणणारेही आहेत. दोघांचाही त्या कोडवर गरजेपेक्षा जास्त विश्वास आहे. म्हणून आधी यंत्रणा कशी चालते ते मांडतो.

कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला त्याची अ‍ॅक्वायरर बँक (दुकानाच्या वतीने कार्डाचे पैसे स्वीकारणारी) खातं उघडतानाच चार अंकी मर्चंट कोड लावते. आयएसओ १८२४५ या मानकात हे कोड ठरलेले आहेत: किराणा ५४११, उपाहारगृह ५८१२, औषधाचं दुकान ५९१२, दारूचं दुकान ५९२१. कार्ड लावलं की मशीनमधून निघणाऱ्या संदेशाच्या १८ व्या रकान्यात हा कोड जातो. सोबत रक्कम, वेळ, दुकानाचं नाव, गाव, टर्मिनलचा क्रमांक. एवढंच. कोणती वस्तू, किती नग, कोणता सिरियल नंबर, यातलं काहीही त्या संदेशात नसतं. वस्तूवार तपशील पाठवायची 'लेव्हल ३' नावाची सोय आहे, पण ती कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या खरेदी कार्डांसाठी. तुमच्या-आमच्या कार्डावर दुकानदार ती वापरत नाही.

म्हणजे बंदुकीच्या दुकानाचा ५७२३ पडला तर बँकेला कळतं की हा माणूस बंदुकीच्या दुकानात ८४० डॉलर देऊन आला. ते पिस्तुलाचे होते, बंदूक ठेवायच्या तिजोरीचे होते की प्रशिक्षणवर्गाच्या फीचे, हे कळत नाही.

२०२२ पर्यंत ही दुकानं ५९४१ (क्रीडासाहित्य) किंवा ५९९९ (किरकोळ विक्री, इतर) यांतच मोडत. न्यूयॉर्कच्या अमल्गमेटेड बँकेने वेगळ्या कोडसाठी अर्ज केला, तो आधी नाकारला गेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झाला. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस यांनी लागू करतो म्हटलं आणि मार्च २०२३ मध्ये काम थांबवलं, कारण तोवर कित्येक राज्यांत याविरुद्ध विधेयकं आली होती.

माझं मत आधीच सांगून टाकतो. भांडण कोडवरून चाललंय, पण खरा प्रश्न बँकेकडे पडलेल्या नोंदी कुणी, कशाच्या आधारावर मागू शकतो हा आहे. हा प्रश्न कोड येण्याआधीही होता, कोड काढून टाकला तरी राहील.

निळावंती

यंत्रणेबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही.

ऑरलँडोच्या पल्स क्लबमध्ये जून २०१६ ला ४९ माणसं मारली गेली. मारेकऱ्याने त्याआधीच्या काही महिन्यांत सहा नवी क्रेडिट कार्डं काढली होती आणि हल्ल्याआधीच्या १२ दिवसांत २६,००० डॉलरांहून जास्त खर्च केला होता. बँकेच्या अनुपालन विभागाकडे (नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या) अशा खात्याचा इशारा आला, तर तपासणाऱ्यासमोर कोड म्हणून असतो फक्त ५९४१. टेनिसच्या रॅकेटींचं दुकानही तेच, काडतुसांचंही तेच. वेगळा कोड असेल तर "नवी कार्डं, एकदम वाढलेला खर्च, त्यात ५७२३ चे चार व्यवहार" असा नियम लिहिता येतो.

बँका असे नियम मानवी तस्करीसाठी आणि वृद्धांच्या फसवणुकीसाठी आजही लिहितात. दुसऱ्यासाठी बंदूक विकत घेऊन देणारे, ज्यांना स्ट्रॉ पर्चेसर म्हणतात, ते तर एकाच आठवड्यात तीन-चार दुकानं फिरतात. एका दुकानदाराला दुसरं दुकान दिसत नाही, कार्ड देणाऱ्या बँकेला सगळी दिसतात. हा फायदा तुम्ही मोजतच नाही आहात.

मुनीमजी

@निळावंती, स्ट्रॉ पर्चेसरचा मुद्दा जोरकस आहे, तो मान्य. पल्सचा नाही. त्या खात्यात डोळ्यात भरण्यासारखं होतं ते सहा नवी कार्डं आणि खर्चाची उडी. त्यासाठी ५७२३ ची गरज नव्हती. इशारा द्यायचा तर तेवढ्यावरही देता आला असता.

दुसरं, आवाक्याचा विचार करा. बंदूक घेणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या एफबीआयच्या निक्स यंत्रणेने २०२३ साली जवळपास ३ कोटी पार्श्वभूमी-तपासण्या केल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, तरी अंदाज येतो. यात नव्याने शिकारीला लागलेला हजार-दीड हजारांची रायफल, दुर्बीण आणि तिजोरी एकदम घेतो. वडिलांच्या बंदुका वारशाने आलेला माणूस एका महिन्यात दुरुस्ती, तिजोरी, प्रशिक्षण असे तीन व्यवहार करतो. तुमच्या नियमात हे सगळे सापडणार. इशाऱ्यांचा ढीग झाला की तपासणारा कर्मचारी एकेक बंद करत सुटतो, आणि खरा त्यातच निघून जातो.

कलमदान

कायद्याची बाजू.

अमेरिकेत बँकेकडची तुमची नोंद ही घटनेच्या दृष्टीने तुमची नाही. १९७६ च्या 'युनायटेड स्टेट्स वि. मिलर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती तुम्ही आपणहून बँकेला दिलीत, तेव्हा चौथ्या घटनादुरुस्तीचं (सरकारी झडती-जप्तीपासूनचं) संरक्षण तिला नाही. त्यावर उतारा म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९७८ मध्ये वित्तीय गोपनीयता हक्काचा कायदा केला. त्यानुसार केंद्रीय खात्याने समन्सने नोंदी मागितल्या तर ग्राहकाला नोटीस द्यावी लागते, आणि ती हातात मिळाल्यापासून १० दिवसांत किंवा टपालात टाकल्यापासून १४ दिवसांत हरकत घेता येते. पण फटी मोठ्या आहेत. राज्य सरकारं आणि स्थानिक पोलीस या कायद्याखाली येत नाहीत. ग्रँड ज्युरीचं (आरोप ठेवायचे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं) समन्स वेगळं. पाचपेक्षा जास्त भागीदारांची संस्था 'ग्राहक' नाही. आणि सगळ्यात मोठी फट म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, 'सार' (एसएआर).

५,००० डॉलर किंवा त्यावरच्या व्यवहारांत संशय आला तर बँक ३० दिवसांत फिनसेनला (अमेरिकी अर्थखात्याच्या आर्थिक गुन्हे विभागाला) सार पाठवते. संशयित कोण हेच ठरत नसेल तर ६० दिवस. तो पाठवला हे ग्राहकाला सांगणं बँकेला कायद्याने मना आहे. पाठवल्याबद्दल बँकेवर दावाही लावता येत नाही. म्हणजे बँकेच्या बाजूने विचार करा: पाठवला तर धोका शून्य, नाही पाठवला तर दंडाची भीती. कोणताही शहाणा अनुपालन अधिकारी पाठवूनच मोकळा होणार.

इथे भारताशी तुलना डोळे उघडणारी आहे. 'जिल्हा निबंधक, हैदराबाद वि. कॅनरा बँक' या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मिलरचा निकाल वाचून बाजूला ठेवला. कागद बँकेच्या ताब्यात गेले म्हणून त्यांतली गोपनीयता संपत नाही, असं २००४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट म्हटलं. गोपनीयतेला मूलभूत हक्क ठरवणारा पुट्टस्वामी निकाल २०१७ चा. हा त्याच्या बराच आधीचा. बंदुकीच्या बाबतीत मात्र भारतात प्रश्नच उलटा आहे, तिथे परवाना, शस्त्र आणि युनिक क्रमांक सगळं सरकारी डेटाबेसमध्येच असतं. कार्डाच्या कोडने नवं काही कळणार नाही.

मुनीमजी

@कलमदान, सारच्या मुद्द्याला एक जोड. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधी सभेच्या न्यायविषयक समितीने उघड केलं की ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरच्या हल्ल्यानंतर फिनसेनमार्फत बँकांकडे जे साहित्य गेलं, त्यात शोधासाठी सुचवलेल्या गोष्टींत काबेलाज, डिक्स स्पोर्टिंग गुड्स यांसारख्या शिकार-क्रीडासाहित्याच्या दुकानांची नावं होती. तेव्हा ५७२३ अस्तित्वातही नव्हता. दुकानाचं नाव संदेशात असतंच, ते शोधता येतं. कोड काढा, नावावरून गाळणी लावतील. म्हणून म्हणतो, कोडबंदीचे कायदे करून गोपनीयता मिळाली असं समजणारी राज्यं स्वतःची समजूत घालताहेत.

दूरदेशी

मग बंदुकांची केंद्रीय नोंदवही नाही हे खरं की खोटं? त्याबद्दल दोन टोकाची विधानं वाचली आहेत. आणि एच-१बी वर असलेल्यांना यातलं काय लागू?

लोहारनेट

@दूरदेशी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबीचं.

परवानाधारक दुकानात घ्यायची बंदूक असेल तर खरेदीदाराला फॉर्म ४४७३ भरावा लागतो. दुकानदार निक्सला विचारतो. उत्तर येतं 'पुढे जा', 'थांबा' किंवा 'नाकारलं'. 'थांबा' आलं आणि कामाच्या तीन दिवसांत उत्तर नाही आलं, तर केंद्रीय कायद्याने दुकानदार विकू शकतो (२१ वर्षांखालच्यांसाठी २०२२ पासून मुदत वाढते, राज्यांचे नियम आणखी कडक असतात). 'पुढे जा' मिळालेल्याची ओळख सांगणारी नोंद एफबीआयला २४ तासांत पुसावी लागते. १९८६ च्या कायद्याने केंद्रीय नोंदवही उभारायला बंदी आहे.

पण ४४७३ कागद दुकानातच राहतो. आधी २० वर्षांनी नष्ट करता येई, ऑगस्ट २०२२ पासून दुकान चालू असेपर्यंत ठेवावाच लागतो. दुकान बंद पडलं की सगळे खोके वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या ट्रेसिंग सेंटरला. तिथे त्यांची स्कॅन केलेली चित्रं होतात, नावाने शोधता येणार नाहीत अशी ठेवलेली. गुन्ह्यात बंदूक सापडली की उत्पादक, मग घाऊक विक्रेता, मग दुकान अशी फोनाफोनी करून पहिला ग्राहक काढतात. आणि पाच सलग कामाच्या दिवसांत एकाने दोन किंवा जास्त पिस्तुलं घेतली तर दुकानदाराने एटीएफला (शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याला) फॉर्म ३३१०.४ पाठवायचाच असतो. @निळावंती, एकाच दुकानातून घाऊक उचलणाऱ्यासाठी हे दार आधीच आहे. अनेक दुकानं फिरणाऱ्यासाठी नाही, तिथे तुमचा मुद्दा उरतो.

दुसरा प्रश्न गंभीर आहे, नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर दाखल झालेल्याला, म्हणजे एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे: कलम ९२२(जी)(५)(बी). विकत घेणंच नव्हे, शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही त्यात येतं. अपवादांपैकी सर्वसाधारण माणसाला लागू पडणारा एकच: कुठल्याही राज्याचा, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. तो आधी हातात हवा, नंतर काढून चालत नाही. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. कार्डावर ५७२३ दिसला की नाही हा इथे प्रश्नच नाही; मित्रांबरोबर गंमत म्हणून रेंजवर गेलेल्याचं इमिग्रेशन अडचणीत येतं. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही, त्यांना ४४७३ वर एलियन नंबर (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) द्यावा लागतो.

निळावंती

रेंजबद्दलची माहिती वर काढून ठेवा हो कुणीतरी. ऑफिसच्या टीम-आउटिंगला सर्रास नेतात.

गल्लापेटी

दुकानाच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोड दुकानदार निवडत नाही, अ‍ॅक्वायरर लावतो, आणि तो लावण्यातच सगळ्यात जास्त घोळ होतात.

कॅलिफोर्नियाचा कायदा घ्या. राज्यात प्रत्यक्ष दुकान असलेला आणि ज्याच्या विक्रीत बंदुका, काडतुसं व जोडसाहित्य यांचा वाटा सर्वात मोठा, त्यालाच ५७२३. कार्ड नेटवर्कांनी कोड १ जुलै २०२४ पर्यंत उपलब्ध करायचा होता, अ‍ॅक्वायररनी १ मे २०२५ पर्यंत लावायचा होता. या व्याख्येत वॉलमार्टसारखं मोठं दुकान येत नाही. तिथे काडतुसं घेतली तर व्यवहार दूध-पाव घेतल्यासारखाच दिसतो. गहाणवटीचं दुकान ५९३३ वर राहतं, मग त्याच्या काचेत वीस पिस्तुलं का असेनात. दुसरीकडे मासेमारीचं सामान आणि बंदुका निम्म्या-निम्म्या विकणारा छोटा दुकानदार एका हंगामात व्याख्येत येतो, दुसऱ्यात बाहेर पडतो.

ऑनलाइन खरेदीत तर चित्रच उलटं होतं. बंदूक घरी येत नाही, स्थानिक परवानाधारकाकडे येते. पैसे घेतो दुसऱ्या राज्यातला विक्रेता, त्याचा कोड ५९४१ असू शकतो. स्थानिक दुकानदार हस्तांतराची फी घेतो, साधारण २५ ते ५० डॉलर. कॅलिफोर्नियात बँकेला ५७२३ दिसतो तो त्या फीवर. ९०० डॉलरची रायफल क्रीडासाहित्यात गेली आणि ४० डॉलरचा कागदोपत्री खर्च "बंदुकीचं दुकान" म्हणून नोंदला गेला! यावर नियम लिहिणाऱ्याने काय लिहायचं?

चुकीचा कोड लागला असेल तर दुकानदाराने फोनवर भांडू नये. मर्चंट करारावरचा एमआयडी (दुकानाच्या खात्याचा क्रमांक), मागच्या १२ महिन्यांची प्रकारवार विक्री आणि कायद्यातली व्याख्या जोडून अ‍ॅक्वायररला लेखी पत्र द्यावं. काउंटर आणि वेबसाइट यांचे एमआयडी वेगळे ठेवावेत, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याला चिकटत नाही. आणि कोड टाळण्यासाठी धंद्याचं वर्णन खोटं देऊ नये. सापडलं तर खातं बंद, नाव मास्टरकार्डच्या मॅच यादीत (खातं बंद केलेल्या दुकानांच्या यादीत) पाच वर्षं, दुसरा अ‍ॅक्वायरर दारात उभं करत नाही. पेपलच्या अटींत बंदुका-काडतुसं आधीच वर्ज्य आहेत, तेव्हा "तिकडून घेऊ" हा मार्गही बंद.

कलमदान

कॅलिफोर्नियाचा विषय निघालाच आहे तर: तिथे राज्याला कार्डाची गरजच नाही. प्रत्येक विक्रीची डीरॉस नोंद (दुकानदाराने पाठवायची बंदूक-विक्रीची नोंद) राज्याच्या न्याय विभागाकडे जाते, १० दिवसांची प्रतीक्षा असते, जुलै २०१९ पासून काडतुसांसाठीही तपासणी सुरू झाली. म्हणून तिथे कोडचा उपयोग राज्यापेक्षा बँकेला जास्त. आणि साठवलेल्या माहितीचं काय होतं याचा दाखलाही तिथलाच. जून २०२२ मध्ये न्याय विभागाने बंदुकांच्या आकडेवारीचा डॅशबोर्ड सुरू केला आणि त्यातून शस्त्र बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १,९२,००० लोकांची नावं, जन्मतारखा, पत्ते उघड्यावर आले. त्यात कुठलाही हल्लेखोर नव्हता, माहिती खात्यानेच चुकून खुली केली.

दूरदेशी

ग्रीनकार्डवाला किंवा नागरिक, कायदेशीर खरेदी करणारा, ज्याला फक्त आपली खर्चाची माहिती जाहिरातदारांपर्यंत जायला नको आहे, त्याने काय करायचं? रोखीने घेतलं तर सुटतो का?

मुनीमजी

रोखीने ४४७३ सुटत नाही, निक्सही नाही. बँकेला फक्त एटीएममधून पैसे काढलेले दिसतात. १०,००० डॉलरांवर रोख घेतली तर दुकानदाराने १५ दिवसांत फॉर्म ८३०० भरून सरकारला ती कळवायची. हा फॉर्म चुकवायला रक्कम मुद्दाम तुकड्यांत दिली तर पैसे स्वच्छ असले तरी तो स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा असलं काही डोक्यात आणू नका.

जाहिरातींसाठी मात्र हातात असलेली गोष्ट आहे आणि बहुतेक लोक ती वापरत नाहीत. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने बँकेने गोपनीयता पत्रक द्यायचं असतं. त्यात तीन रकान्यांचा तक्ता असतो: माहिती देण्याचं कारण, आम्ही देतो का, तुम्ही थांबवू शकता का. तिसऱ्या रकान्यात 'हो' असेल तेवढ्याच ओळींवर तुमचा हक्क चालतो. पत्रकावरच्या क्रमांकावर फोन करून प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे थांबवायला सांगा, "सगळं बंद करा" म्हणून सोडून देऊ नका. नवीन खातं असेल तर पत्रक पाठवल्यापासून ३० दिवसांनी बँक माहिती द्यायला मोकळी होते, म्हणून त्याआधी करा. संलग्न कंपन्यांच्या मार्केटिंगवरची मनाई पाच वर्षांनी संपू शकते. 'जॉइंट मार्केटिंग'ची ओळ केंद्रीय कायद्याने थांबवता येत नाही. संयुक्त खात्यावर दुसऱ्या खातेदाराची मनाई वेगळी नोंदवली का, तेही विचारा.

कॅलिफोर्नियाच्या ग्राहक-गोपनीयता कायद्याचा हवाला बँकेला देऊन उपयोग नाही, या केंद्रीय कायद्याखालच्या माहितीला त्यातून सूट आहे. दुकानाला मात्र देता येतो, दुकान त्या कायद्याच्या आकाराच्या मर्यादेत बसत असेल तर. आणि खरेदी करताना दुकानाच्या निष्ठा (लॉयल्टी) योजनेला फोन नंबर देऊ नका. कार्डाला वस्तू कळत नाही, पण त्या योजनेला वस्तू, नग आणि तारीख सगळं कळतं.

निळावंती

हे शेवटचं मान्य करावंच लागेल. वस्तूवार माहिती बँकेकडे नाही आणि दुकानाच्या अ‍ॅपकडे आहे, आणि कायदे मात्र सगळे बँकेच्या कोडवर. तरी मी कोडच्या बाजूचीच आहे, पण एका अटीवर: बँकेने स्वतः सार पाठवणं एक, आणि सरकारने "५७२३ वाले सगळे द्या" म्हणून सरसकट मागणं वेगळं. दुसऱ्यासाठी न्यायाधीशाचं वॉरंट हवंच. २०१८ च्या कार्पेंटर निकालात मोबाइलच्या ठिकाणांच्या नोंदींना ते संरक्षण मिळालं. खर्चाच्या नोंदी त्याहून कमी बोलक्या नाहीत.

मुनीमजी

या अटीवर आपलं भांडण संपलं. कार्पेंटरमध्ये न्यायालयाने मिलर रद्द केला नाही हे लक्षात ठेवू, म्हणजे हे काम काँग्रेसलाच करावं लागेल.

गल्लापेटी

राज्यांची स्थिती विचारत व्यक्तिगत निरोप आलेत, इथेच लिहितो. कोड सक्तीचा: कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क. वेगळ्या कोडला मनाई किंवा निर्बंध: २०२३ मध्येच फ्लोरिडा, टेक्सास, वेस्ट व्हर्जिनिया, मिसिसिपी, मोंटाना, आयडाहो, नॉर्थ डकोटा, आणि नंतर आणखी. फ्लोरिडात दंड प्रत्येक उल्लंघनामागे १०,००० डॉलरपर्यंत. कॅलिफोर्नियात उलट बाजूने, कोड न लावल्याबद्दल, तसाच.

महत्त्वाचं ते हे: कोड दुकानाच्या ठिकाणावरून ठरतो, तुमच्या पत्त्यावरून किंवा कार्ड देणाऱ्या बँकेवरून नाही. टेक्सासमध्ये राहणाऱ्याने कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या दुकानात कार्ड लावलं तर ५७२३ पडू शकतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेवाल्याने टेक्सासच्या ह्यूस्टनमध्ये लावलं तर नाही. स्टेटमेंटवर 'शॉपिंग' किंवा 'स्पोर्ट्स' असं दिसतं तो बँकेने स्वतः पाडलेला गट आहे, कोड नव्हे. कोड हवा असेल तर कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून त्या व्यवहाराचा मर्चंट कॅटेगरी कोड विचारा. पहिल्या कर्मचाऱ्याला दिसत नसेल तर विवाद विभागाकडे जोडून द्यायला सांगा, त्यांच्या पडद्यावर असतो.